हवाई टेहळणीचे गणित: फाल्कन आणि नेत्रा

जमिनीवरच्या रडारला आडवी येते ती पृथ्वीची गोलाई. अँटेना २० मीटर उंचीवर आणि शत्रूचे विमान १०० मीटरवर असेल, तर ते फार तर ६० किलोमीटरवर दिसू लागते. ताशी ९०० किलोमीटर वेग धरा, म्हणजे हातात चार मिनिटे. तेच रडार विमानावर बसवून ९,००० मीटरवर नेले की क्षितिज ४३० किलोमीटरपर्यंत सरकते आणि जवळपास अर्धा तास मिळतो.

भारतीय हवाई दलाकडे यासाठी दोन प्रकारची विमाने आहेत. २००९ पासून आलेल्या तीन फाल्कन विमानांचा सांगाडा आयएल-७६ या रशियन मालवाहू विमानाचा, तर रडार इस्रायली. पाठीवरची रडारची तबकडी फिरत नाही. आत त्रिकोणात तीन अँटेना आहेत आणि प्रत्येकीकडे १२० अंश. दुसरे २०१७ मध्ये दाखल झालेले आपले नेत्रा, एम्ब्रेअर-१४५ या ब्राझिली जेट विमानावरचे. त्याच्या पाठीवर लांब तुळईसारखी अँटेना आहे. ती डावीउजवीकडे मिळून २४० अंश पाहते. नाकासमोर आणि शेपटीमागे आंधळी.

म्हणून नेत्राचा मार्ग सीमेला समांतर आखतात: लांब सरळ पट्टे, टोकाला वळण. वळताना विमान कलते, अँटेनाही कलते, आणि नेमकी तेव्हाच सीमेकडची बाजू नजरेआड होते. दोन विमानांची वळणे एकाच वेळी येऊ न देणे हा त्यावरचा साधा उपाय, पण त्यासाठी आधी दोन विमाने हवीत! शिवाय रडारची शलाका, म्हणजे लहरींचा झोत, बाजूला ६० अंश वळवली की अँटेनाची परिणामकारक लांबी निम्मी होते, त्यामुळे कडेच्या लक्ष्याची दिशा ढोबळ मिळते.

आणखी एक फट आहे. वरून पाहणारे रडार जमिनीवरून परतणाऱ्या लहरींतून विमान वेगळे काढते ते डॉप्लरच्या, म्हणजे जवळ येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगाच्या आधारे. शत्रूच्या वैमानिकाने रडारच्या नजररेषेला काटकोनात उड्डाण केले, की तो वेग जमिनीसारखाच दिसतो आणि विमान पडद्यावरून गळू शकते. दुसऱ्या कोनातून पाहणारे रडार असेल, तर ते सापडते.

खरी ओढाताण पहाऱ्याच्या तासांची. पाच तासांच्या उड्डाणातले दोन तास जाण्यायेण्यात गेले, तर चोवीस तासांना आठ उड्डाणे लागतात. हवेत इंधन भरून ते उड्डाण नऊ तासांवर नेले, तर तीन पुरत नाहीत, पण चारांत भागते. त्यात एखादे विमान देखभालीला उभे असतेच. माझ्या मते रडारचा पल्ला वाढवण्याआधी विमानांची संख्या वाढवणे निकडीचे आहे.

पुढच्या नेत्रा मार्क-२ साठी एअर इंडियाची सहा ए-३२१ विमाने निवडली आहेत. नाकातही अँटेना बसवून ३०० अंश साधायचे आहेत. त्यासाठी प्रवासी विमानाचा सांगाडा कापून मजबूत करावा लागेल, अँटेनाभोवतीचा वारा तपासावा लागेल. तो भाग घाईत उरकता येत नाही: ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतल्या अरक्कोणमजवळ पाठीवर तबकडी बसवलेले, हवाई टेहळणीच्या चाचणीचे अॅव्रो विमान कोसळले आणि आठ जण गेले, त्यानंतर तो कार्यक्रमच गुंडाळला गेला.