बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत

(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटची आणि माझी गाठ सहसा पडत नाही; येतात ते नातेवाईक. इथल्या एखाद्या क्लिनिकमध्ये गाठीचा तुकडा काढतात, फॉर्मेलिनच्या, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत घालतात आणि बाटली मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात देतात. तो ती पिशवी मांडीवर सांभाळत कदंबाच्या बसने येतो आणि काउंटरवरच विचारतो, "डॉक्टर, कॅन्सरच असणार ना?" बाटलीचं झाकणसुद्धा अजून उघडलेलं नसतं. मग हे त्याच्या मनात आलं कुठून? बहुतेक वेळा कोणी काही बोललेलंच नसतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वाचला, गप्प झाले आणि म्हणाले, "बरोबर कोण आलंय? त्यांना आत पाठवा."

या गप्प राहण्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये मुरावा लागतो. स्तनाचा असेल तर पुढच्या हार्मोन तपासण्या नीट याव्यात म्हणून किमान 6 तास, फार तर 72. मग मशिनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं. त्या मेणाच्या ठोकळ्याचे 3-4 मायक्रॉन जाडीचे काप काढून, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून आम्ही ते मायक्रोस्कोपखाली बघतो. शंका राहिली तर आणखी खोलवरचे काप, नाहीतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवणारी खास रंगतपासणी. त्यात आणखी काही दिवस जातात. घरी मात्र एकेका दिवसाचा अर्थ लावणं चालू असतं. रिपोर्ट लांबला म्हणजे कॅन्सर निघाला, असं नसतं. तुकडा काढतानाच हे सांगायला डॉक्टरांना एक मिनिट पुरतं.

"संशय आहे" हेही नुसतं सोडून देऊ नये. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, कागदावर 'बायरॅड्स 4' लिहिलेलं असतं; बायरॅड्स म्हणजे कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारी श्रेणी. या एका आकड्यात कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते! म्हणून तर 4ए, 4बी, 4सी असे भाग केलेत. 4ए असेल तर शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना कॅन्सर नसतो. त्या बाईला हे ऐकण्याचा हक्क आहे.

आणि "आईला सांगू नका." चवथ तोंडावर आली की हे हमखास ऐकू येतं. सण पार पडू दे, मग बघू. मुलांची माया मला कळते. पण आईला सगळं दिसत असतं, आणि एकाच घरात सगळे वेगवेगळे झुरत असतात. वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' नावाची सहा टप्प्यांची पद्धत कॅन्सरतज्ज्ञांनी 2000 साली मांडली. तिच्यात निदान सांगण्याआधी पेशंटलाच विचारायचं असतं: तुम्हाला काय वाटतंय, किती जाणून घ्यायचंय? तिने "माझ्या मुलाला सांगा" म्हटलं तर मुलाला सांगावं. पण ते ठरवायचं तिने, आणि तेही बायोप्सीच्या दिवशीच, रिपोर्ट हातात आल्यावर नव्हे.

हल्ली रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. रात्री दहा वाजता एकटीने 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, असं वाचायचं आणि सकाळपर्यंत विचारायला कोणी नाही, हे मला सहन होत नाही. म्हणून असा रिपोर्ट असेल तर आमच्या लॅबमधून पहिला फोन डॉक्टरांना जातो. इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: त्याच दिवशी पेशंटला बोलावून घ्या, दार लावा, समोर बसा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा.