काढलं, पण गेलं का?

नव्या लॅपटॉपचा खोका उघडला, पडद्यावरचं प्लॅस्टिक सोललं, पासवर्ड ठरवला. स्टार्टचं बटण दाबलं, तर आत आधीच गर्दी! पत्त्यांचा खेळ, महिनाभराचा अँटिव्हायरस, कंपनीचं स्वतःचं ॲप. यातलं एकही आपण मागवलेलं नाही.

ही मंडळी उगाच येऊन बसत नाहीत. आपला प्रोग्राम आधीच भरून द्यावा म्हणून ते बनवणारे लॅपटॉप कंपन्यांना पैसे मोजतात. २००८ साली सोनीने तर कमालच केली. काही वायो लॅपटॉप या अडगळीशिवाय हवे असतील, तर ४९.९९ डॉलर जादा मागितले! बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे ते फुकट केलं.

अडगळ नुसती जागा अडवत असती तर एक वेळ चाललं असतं. पण २०१४ च्या शेवटी विकल्या गेलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ होतं. तुम्ही पाहाल त्या पानात जाहिराती घुसवायच्या, हे त्याचं काम. बँकेच्या सुरक्षित पानातही शिरता यावं म्हणून त्याने संगणकात स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणती साइट खरी हे ठरवणारा मूळ दाखला, बसवलं होतं. म्हणजे दारावर ओळखपत्रं तपासणारा वॉचमनच फितवला. वर सगळ्या लॅपटॉपांत त्या दाखल्याची गुप्त किल्ली एकच! ती एका चोराला सापडली, की सगळ्यांचीच दारं उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला. लोकांनी घाईघाईने सुपरफिश अनइन्स्टॉल केलं. प्रोग्राम गेला, सर्टिफिकेट तिथेच राहिलं. ते वेगळं शोधून काढावं लागलं.

आता आपला लॅपटॉप. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. नावासमोरचे तीन ठिपके, मग अनइन्स्टॉल. मुदतीचा अँटिव्हायरस काढून रीस्टार्ट केलं, की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपणहून पहाऱ्याला येतो. यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हे नाव चार-सहा वेळा दिसेल. कितीही फालतू वाटलं तरी हात लावू नका, दुसरे प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतात.

पत्त्यांचा खेळही काढला. यादी कशी सुटसुटीत दिसते!

मग आईसाठी याच लॅपटॉपवर नवं खातं उघडलं. विंडोजसोबत आलेली अशी ॲप्स काढली तरी बहुधा आपल्या खात्यातूनच जातात. मूळ प्रत मागे राहते, ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीतून, वेगळी काढावी लागते.

आईने स्टार्ट दाबलं. पत्ते पुन्हा मांडलेले.