सेलमधला फोन आणि अपडेटची मुदत

[दृश्य: दिवाळीच्या गर्दीतलं मोबाइलचं दुकान. काउंटरवर शेजारीशेजारी दोन फोन.]

दिवाळी २०२४. भारतातल्या बाजारात सॅमसंगचे दोन फोन एकाच वेळी विकले जात होते. एक गॅलेक्सी एस२३, कंपनीच्या वरच्या मालिकेतला, आता सवलतीत मिळणारा. दुसरा नुकताच आलेला गॅलेक्सी ए१६ फाइव्हजी, वीस हजारांच्या आतला. कॅमेरा असो की वेग, ए१६ची एस२३शी बरोबरीच नाही. सिक्युरिटी अपडेटचा हिशेब मात्र उलटा निघतो. एस२३ आला फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाच वर्षांच्या हमीवर. म्हणजे २०२८. ए१६ला हमी सहा वर्षांची, आणि तीही २०२४ पासून. म्हणजे २०३०.

ही मुदत तुमच्या बिलावरच्या तारखेपासून धरत नाहीत, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून धरतात. त्या दिवाळीत एस२३ घेणाऱ्याची जवळजवळ पावणेदोन वर्षं खोकं उघडण्याआधीच सरली होती. सेलच्या जाहिरातीत कापलेली किंमत ठळक दिसते, सरलेले महिने कुणी छापत नाही.

[दृश्य: उघडलेला फोन. मदरबोर्डवरची चिप जवळून.]

अपडेटला एवढी ओढाताण का? अँड्रॉइडची मूळ आवृत्ती गूगल काढतं, पण ती तशीच्या तशी प्रत्येक फोनवर चढत नाही. क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्या आपले ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, तिच्याशी जुळवून देतात. मग फोनची कंपनी त्यावर स्वतःचे बदल करते आणि चाचण्या घेते. चिपवाल्याने हात आखडता घेतला, की पुढचं सगळंच अडतं.

नेदरलँड्समधल्या फेअरफोन या छोट्या कंपनीने हे भोगलंय. तिचा फेअरफोन २ आला २०१५ च्या शेवटी, स्नॅपड्रॅगन ८०१ चिपवर. अँड्रॉइड ६ च्या पुढे क्वालकॉमने या चिपला आधार दिला नाही. याच चिपवरचा सोनीचा एक्सपीरिया झेड३ तर अँड्रॉइड ७ च्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचला होता, अंतिम आवृत्ती त्याला मिळालीच नाही. फेअरफोनने मात्र चिपवाल्याच्या मदतीवाचून काम रेटलं. अँड्रॉइड ७ मिळायला २०१८ उजाडलं, ९ यायला २०२१. उशीर झाला, नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्या फोनला मार्च २०२३ पर्यंत आधार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या फेअरफोन ५ साठी कंपनीने औद्योगिक उपकरणांसाठीची चिप निवडली, कारण अशा चिपला क्वालकॉम जास्त वर्षं सांभाळतं.

[दृश्य: रात्री फोनवर आलेला संदेश. स्क्रीनचा उजेड.]

नवी आवृत्ती आली नाही म्हणून सहसा कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भगदाडं बुजवणारे छोटे अपडेट, थांबल्यावर. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधलं स्टेजफ्राइट नावाचं भगदाड उघड झालं. मुद्दाम घडवलेला एक एमएमएस आला, की तो न उघडताही फोनमध्ये शिरकाव करता येत होता. त्यानंतर गूगलने दरमहा पॅच काढायला सुरुवात केली. पण गूगलने काढलेला पॅच तुमच्या फोनपर्यंत पोचतो कधी, हे फोनच्या कंपनीवर. सॅमसंगच्याच यादीत काही मॉडेलना तो दरमहा मिळतो, काहींना तीन महिन्यांनी, काहींना वर्षातून दोनदा. ‘सहा वर्षं अपडेट’ म्हणताना हा भाग विक्रेता गाळतो. बहुधा त्यालाही ठाऊक नसतो.

मधल्या काळात गूगलने वाट थोडी सोपी केली. २०१७ च्या ‘ट्रेबल’ नावाच्या फेररचनेने अँड्रॉइड आणि चिपचा भाग वेगळा काढला, २०१९ पासून काही दुरुस्त्या थेट प्ले स्टोअरच्या यंत्रणेतून येऊ लागल्या. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलचा स्वतःचा फोन पिक्सेल ८ अपडेटची सात वर्षांची हमी घेऊन आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या एस२४ मालिकेनेही तीच दिली. एस२३ घेतलेल्यांना हे झोंबलं असणार.

युरोपीय संघाने तर मोजणीच फिरवली. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमांत अपडेटची किमान पाच वर्षं मोजली जातात, ती मॉडेल बाजारात आणणं कंपनीने थांबवल्यानंतर. भारतातल्या विक्रीला हा नियम लागू नाही. इथे वजाबाकी आपणच करायची.

[दृश्य: हातातला जुना फोन. बोट सेटिंग्ज उघडतं.]

सेकंडहँड फोन घेताना ही वजाबाकी जास्तच लागते. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडा, अँड्रॉइड आवृत्तीवर टिचकी मारा आणि सिक्युरिटी पॅचची तारीख वाचा. आधी अपडेट तपासायला सांगा, कारण मालकाने ते चढवलंच नसेल. तरीही तारीख दीड-दोन वर्षांपूर्वीचीच राहिली, तर ती दाखवून भाव पाडून मागा. गाणी ऐकायला, मुलांना व्हिडिओ बघायला तो फोन चालेल. यूपीआय त्यावर नको.