हात झटकण्याची सोय

[पडद्यावर: जुन्या टीव्हीचं खरखरीत चित्र. १९८८.]

जाहिरात तीस सेकंदांची आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार: एका बाजूला रिपब्लिकन जॉर्ज बुश, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर. बुश फाशीच्या बाजूचे, डुकाकिस विरोधातले. शिवाय त्यांनी म्हणे खुन्यांना शनिवार-रविवारची सुट्टी दिली. मग तिसरा चेहरा येतो. वाढलेली दाढी, वाढलेले केस, काळा माणूस. विली हॉर्टन. पडद्यावर एकेक शब्द उमटतो: अपहरण, भोसकणं, बलात्कार. संपली जाहिरात.

वंशाचा उल्लेख त्यात कुठेही नाही. फोटो असताना तो करायची गरजही नव्हती.

आधी हे सांगायला हवं की गुन्हा खरा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७४ साली पेट्रोल पंपावरच्या एका तरुणाचा खून झाला. त्यात हॉर्टनला जन्मठेप झाली, पॅरोलची मुभा नसलेली. जून १९८६ मध्ये तो फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या सुट्टीवर, बाहेर आला आणि परतलाच नाही. एप्रिल १९८७ मध्ये मेरीलँडमधल्या एका घरात घुसून त्याने एका तरुणाला भोसकलं, त्याच्या जोडीदारणीवर बलात्कार केला. लॉरेन्स गावच्या स्थानिक वृत्तपत्राने राज्याच्या फर्लो धोरणाचा पिच्छा पुरवला आणि त्या बातम्यांना पुलित्झर मिळालं. जन्मठेपेच्या कैद्याला सुट्टी का, हा प्रश्न रास्तच होता. डुकाकिस यांच्याच पक्षातल्या अल गोर यांनी तो उमेदवारीच्या लढतीत विचारलाही होता. हॉर्टनचं नाव न घेता.

जाहिरातीने काय गाळलं, ते बघा. ही फर्लो योजना १९७२ साली सुरू झाली ती रिपब्लिकन गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांच्या सहीने. अशी योजना गव्हर्नर रेगन यांच्या कॅलिफोर्नियातही होती आणि तिथेही सुटलेल्या कैद्यांच्या हातून खून झाले होते. पण डुकाकिस यांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पहिल्या प्रतीच्या (म्हणजे सर्वांत गंभीर ठरवलेल्या) खुनाच्या गुन्हेगारांना फर्लोतून वगळणारं विधेयक १९७६ साली त्यांनीच नाकारलं होतं.

[पडद्यावर: तुरुंगाचं फाटक, कृष्णधवल.]

ही पहिली जाहिरात बुश यांच्या प्रचार कचेरीची नव्हतीच. ती एका स्वतंत्र गटाची होती, आणि बुश यांची माणसं सांगत राहिली की आमचा तिच्याशी संबंध नाही. पुढे तक्रार झाली तेव्हा निवडणूक आयोगाच्या सहा सदस्यांची मतं तीन-तीन अशी विभागली गेली आणि प्रकरण तिथेच राहिलं.

बुश यांची अधिकृत जाहिरात ऑक्टोबरमध्ये आली. कैदी रांगेने फाटकातून आत जातात आणि फिरत्या दारातून तसेच बाहेर पडतात. हॉर्टनचं नाव नाही, चेहरा नाही. निवेदक म्हणतो, पॅरोलची मुभा नसलेल्या खुन्यांना सुट्ट्या दिल्या. त्याच वेळी पडद्यावर आकडा येतो: २६८ पळाले. पुढे ऐकू येतं की अनेकांनी बाहेर अपहरण, बलात्कार असे गुन्हे केले आणि अनेक जण अजून मोकाट आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात २६८ खुनी फिरू लागतात.

राजकीय प्रचाराच्या अभ्यासक कॅथलीन हॉल जेमीसन यांनी या आकड्याची उकल केली. २६८ हे फर्लोवरून न परतलेले सगळ्या प्रकारचे कैदी. त्यात तसे खुनी चार. आणि त्या चारांपैकी बाहेर अपहरण, बलात्कार करणारा एकच, हॉर्टन. एकही आकडा खोटा न सांगता केवढी थाप मारता येते, याचा हा नमुना. हे ज्याने लिहिलं तो आपल्या कामात तरबेज होता, एवढं मान्य करावंच लागेल.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात बुश यांनी ४० राज्यं जिंकली. हे सगळं एका जाहिरातीने घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. अर्थव्यवस्था बरी होती, आणि डुकाकिस हल्ल्यांना उत्तरच देईनात. पण बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी आधीच बजावलं होतं: आमचं काम संपेल तेव्हा विली हॉर्टन हा डुकाकिस यांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार आहे की काय, असं लोकांना वाटेल.

याच ॲटवॉटर यांनी १९८१ साली एका प्राध्यापकाला मुलाखत दिली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९५४ मध्ये काळ्यांना उघड शिवी देऊन मतं मिळत. १९६८ येईतो तीच शिवी अंगाशी येऊ लागली. मग भाषा बदलली, 'राज्यांचे हक्क' वगैरे. आणि आता तर नुसतं करकपातीबद्दल बोलायचं; झळ काळ्यांना जास्त बसते, पण ऐकायला सगळं आर्थिक. मुलाखतीची ध्वनिफीत २०१२ मध्ये सर्वांसमोर आली. १९९१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, मेंदूच्या गाठीने मरण्याआधी ॲटवॉटर यांनी डुकाकिस यांच्याशी केलेल्या क्रूरपणाबद्दल माफी मागितली होती.

हे फक्त अमेरिकेतच चालतं असं नाही. इंग्लंडमधल्या स्मेदिकमध्ये १९६४ साली कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची भीती घालणारी एक उघड वंशद्वेषी घोषणा फिरत होती. हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स म्हणाले, घोषणा माझी नाही, पण ती देणाऱ्याचा निषेध मी करणार नाही. देशभर वारा मजूर पक्षाचा होता, तरी स्मेदिक ग्रिफिथ्स यांनी जिंकलं. दोन वर्षांनी ते हरले.

राज्यशास्त्रज्ञ ताली मेंडेलबर्ग यांचं निरीक्षण इथे उपयोगी पडतं. असा आडून केलेला वार तो आडून असेतोच चालतो. ऑक्टोबर १९८८ च्या अखेरीस कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी हॉर्टन प्रकरणाला उघडपणे वंशवादी म्हटलं, आणि मेंडेलबर्ग यांच्या विश्लेषणानुसार त्यानंतर त्याचा प्रभाव ओसरू लागला. तोवर वृत्तवाहिन्यांनी मात्र 'बातमी' म्हणून तो चेहरा घरोघरी पोचवला होता.

[पडद्यावर: टेलिफोन.]

फेब्रुवारी २०००, साउथ कॅरोलिना. रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत न्यू हॅम्पशायर दणक्यात जिंकलेले जॉन मॅकेन इथे आले आणि कुजबूज सुरू झाली: यांना काळ्या बाईपासून झालेलं मूल आहे. मॅकेन दांपत्याने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेतली होती, आणि ती प्रचारात सोबत दिसत असे. पत्रकं वाटली गेली, मतचाचणीच्या नावाखाली फोन गेल्याचं सांगितलं गेलं. मॅकेन हरले. कुजबूज कुणी सुरू केली, हे कधी सिद्ध झालं नाही.

[पडद्यावर: दोन गोरे हात, एक पत्र.]

नॉर्थ कॅरोलिना, १९९०. सिनेटर जेसी हेल्म्स यांच्यासमोर हार्वे गँट, शार्लटचे माजी महापौर, कृष्णवर्णीय. जाहिरातीत गोरे हात नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगाळतात. आवाज म्हणतो: नोकरी तुम्हाला हवी होती, सर्वांत पात्रही तुम्हीच, पण कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. हेल्म्स यांना म्हणता येत होतं की हा धोरणाचा वाद आहे. त्याच वर्षी अध्यक्ष बुश यांनी नागरी हक्क विधेयक कोट्याचंच कारण देऊन नाकारलं होतं.

टपालातून जे गेलं, त्याला मात्र हे कारण पुरणारं नव्हतं. सुमारे १,२५,००० मतदारांना, बहुतेक काळ्यांना, पोस्टकार्डं गेली: अलीकडे घर बदललं असेल तर मत देता येणार नाही, दिलंत तर तुरुंगात जाल. माहिती चुकीची होती. न्याय खात्याने राज्याचा रिपब्लिकन पक्ष आणि हेल्म्स यांची प्रचार समिती यांना न्यायालयात खेचलं आणि १९९२ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. तोवर हेल्म्स यांच्या चौथ्या मुदतीचं एक वर्ष उलटलं होतं. गँट १९९६ मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि हेल्म्स यांच्याकडूनच पुन्हा हरले.