खाचेचा तळ

(काळसर शिसवी फळी. तिच्यावर पिवळा हत्ती ठेवलेला.)

म्हैसूर. फळी शिसवीची, हत्ती म्हणजे फणसाच्या लाकडाचा सपाट तुकडा. रंग कुठलाच लावलेला नाही. पिवळा आहे तो फणसाचा स्वतःचा. याच गावातल्या राजवाड्यात, अंबाविलास दालनाच्या शिसवी दारावर, असंच जडावकाम, म्हणजे लाकडात खाच कोरून तिच्यात तुकडा बसवणं, हस्तिदंतात केलेलं आहे. जुना लाकडी राजवाडा 1897 मध्ये जळाला, हा 1912 मध्ये उभा राहिला. दाराची नक्षी सगळे बघतात. आम्हाला दाखवायचंय ते नक्षीच्या खाली आहे.

(हात. सुरी.)

हत्ती दाबून धरायचा आणि कडेकडेनं सुरीची रेघ ओढायची. पेन्सिल इथं चालत नाही, तिच्या रेघेला जाडी असते. सुरी वरचे तंतू कापून ठेवते, म्हणून पुढं कड फाटत नाही.

आता पटाशी. इथं तिला ‘उळी’ म्हणतात. बघा, पहिला घाव रेघेवर पडत नाही, थोडा आत पडतो. थेट रेघेवर ठोकलं, तर लाकूड पात्याच्या उतारावर रेटतं आणि पटाशी रेघेबाहेर सरकते. म्हणून आधी मधलं लाकूड काढायचं. कड सगळ्यात शेवटी, हलक्या हातानं, उभी छाटायची.

(ढलप्या उडतात. आवाज तसाच राहू द्या.)

तुकडा तीन मिलिमीटर जाड. खाच अडीच. अर्धा मिलिमीटर वर राहतो, तो घासून फळीशी सपाट होतो. पण तळ एका बाजूला उंच राहिला, तर घासताना हत्ती तिथंच झिजून पातळ होणार. खोल गेला, तर खाली पोकळी राहणार, आणि पुढं कधीतरी तुकडा सुटणार.

यावरचा उपाय एवढासा आहे: लाकडी ठोकळा, त्यातून खाली आलेलं पातं. ठोकळा फळीच्या वरच्या बाजूवर सरकतो आणि पातं ठरवलेल्या खोलीवरच फिरतं. हत्तीचं पोट मात्र रुंद. ठोकळा टेकणार कशावर? म्हणून मधोमध लाकडाचं एक बेट राखलंय. ते सगळ्यात शेवटी, तयार तळावर पटाशी आडवी टेकवून काढायचं.

(काजळी.)

दिव्याची काजळी हत्तीच्या खालच्या बाजूला. खाचेत दाबला, उचलला. तळावर जिथं काळं उमटलं, तिथं उंचवटा. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी. हे सहा वेळा झालं, आम्ही चित्रणातून त्यातलं एकही कापलेलं नाही.

हस्तिदंताचा व्यापार कायद्यानं बंद झाला, शिसवीवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि बाजारात लेझरनं कापलेली चित्रं स्वस्त मिळतात.

(सरस वाळलाय. बोटाचं पेर हत्तीवर.)

टक, टक. डोकं, पाठ, पोट, सगळीकडे भरीव. मागच्या पायाशी आवाज बदलतो.

पुन्हा एकदा, तिथंच.

कारागीर पटाशी उचलतात.