आकड्यांची जागा

लंडनमधील ग्रीनिच येथील जुन्या वेधशाळेच्या आवारात जमिनीवर धातूची एक रेघ बसवलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून छायाचित्र काढून घेणाऱ्यांची तेथे गर्दी असते. ही शून्य रेखांशाची रेघ. मात्र तिच्यावर उभे राहून उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखवणारे उपकरण पाहिले, तर ते शून्य दाखवत नाही. त्याचे शून्य तेथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. रेघ चुकलेली नाही आणि उपकरणही बिघडलेले नाही. पृथ्वी मोजताना दोघांनी धरलेला आधार वेगळा आहे, इतकेच. अक्षांश-रेखांश कोणत्या संदर्भप्रणालीतले आहेत हे ठाऊक नसेल, तर त्या आकड्यांवरून नेमकी जागा ठरत नाही. या चित्रफितीत जिची ओळख करून घ्यायची आहे, त्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाची, बरीच शक्ती हा संदर्भ सांभाळण्यात खर्च झाली आहे.

तिचे नाव जिओस्पेशियल डेटा ॲब्स्ट्रॅक्शन लायब्ररी, म्हणजेच जीडॅल. कोणी तिला 'गूडॉल' असेही म्हणतात, आणि उच्चाराचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८च्या अखेरीस तिच्यावर काम सुरू केले. एमआयटी पद्धतीच्या सैल परवान्यामुळे ती कोणालाही, अगदी व्यावसायिक उत्पादनातही, विनाशुल्क वापरता येते. क्यूजीआयएससारख्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली जाते, तेव्हा पडद्याआड बहुधा हीच काम करत असते; वापरणाऱ्याला तिचे नाव दिसतेच असे नाही.

उपग्रहांची छायाचित्रे, उंचीचे नकाशे, रस्ते, नद्या आणि जमिनीच्या हद्दी यांची माहिती शेकडो प्रकारच्या फाइलींमध्ये साठवली जाते. समजा, असे २०० प्रकार आहेत आणि प्रत्येकातून दुसऱ्या प्रत्येकात थेट रूपांतर करणारा वेगळा प्रोग्रॅम लिहायचा आहे. तर ३९,८०० प्रोग्रॅम लागतील. जीडॅलने मधला मार्ग काढला. प्रत्येक प्रकारासाठी एक 'ड्रायव्हर' असतो, तो आपल्या फाइलीतली माहिती एका समान अंतर्गत आराखड्यात आणून ठेवतो, आणि पुढचे सारे काम त्या आराखड्यावरच चालते.

रास्टरच्या, म्हणजे चौकटी-चौकटींच्या चित्राच्या बाबतीत हा आराखडा किती सुटसुटीत आहे हे पाहण्यासारखे आहे. चित्राचा वरचा डावा कोपरा कोठे येतो, एका चौकटीची रुंदी व उंची किती आणि चित्र तिरपे बसले असेल तर किती, हे सारे अवघ्या सहा आकड्यांत मावते. चित्रात कोट्यवधी चौकटी असल्या, तरी त्यांपैकी कोणत्याही चौकटीचे स्थान या सहा आकड्यांवरून काढता येते. मात्र ते स्थान कोणत्या प्रणालीत मोजलेले आहे, हे सातवे कलम वेगळे लिहून ठेवावे लागते, आणि नेमके तेच हरवते.

बिंदू, रेषा व हद्दींच्या आकृत्या साठवणारा शेपफाइल हा फाइलप्रकार त्याचे ठळक उदाहरण आहे. नाव एकवचनी असले तरी ती किमान तीन फाइलींची जुडी असते; संदर्भप्रणालीची नोंद आणखी एका जोडफाइलीत असते, आणि ती फाइल सक्तीची नाही. जुडी एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना ती मागे राहिली, तर आकृत्या शाबूत राहतात, पण त्या पृथ्वीवर कोठे बसवायच्या हे फाइल सांगू शकत नाही.

अशा गोष्टी केवळ सवयीवर सोडून भागत नाही, म्हणून मानके लागतात. १९९४ साली स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियम या संस्थेने बिंदू, रेषा व बहुभुज कसे लिहायचे आणि नकाशे सर्व्हरवरून कसे मागवायचे याचे नियम ठरवून दिले. तरीही मानके एकमेकांशी जुळतातच असे नाही. संदर्भप्रणालींना क्रमांक देणाऱ्या ईपीएसजी यादीतील ४३२६ या क्रमांकाच्या प्रणालीत आधी अक्षांश आणि मग रेखांश येतो. जिओजेसन या नकाशाची माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याच्या फाइलप्रकाराच्या २०१६च्या मानकात आधी रेखांश येतो. पॅरिसचे ४८.८६ आणि २.३५ हे आकडे उलट क्रमाने वाचले गेले, तर शहर सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात जाऊन पडते. पॅरिस समुद्रात दिसले की चूक लगेच कळते, हे त्यातल्या त्यात बरे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, तर बिंदू थोडाच सरकतो आणि ती चूक नजरेतून सहज निसटते.

जीडॅलने अनेक वर्षे 'आधी रेखांश' हा रूढ क्रम चालवून घेतला. २०१९ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र संदर्भप्रणालीने ठरवलेला क्रम मानायचे ठरले. याच टप्प्यावर, रूपांतराचे गणित करणाऱ्या प्रोज या लायब्ररीतही मोठे बदल झाले आणि ईपीएसजीच्या नोंदी तिच्यासोबत येणाऱ्या डेटाबेसमध्ये आल्या. दोन्ही कामांसाठी अनेक संस्थांनी मिळून निधी उभा केला होता. जुना क्रम गृहीत धरून लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅमांना या बदलाचा फटका बसला. त्यांच्यासाठी जुना क्रम मागून घेण्याची सोय ठेवण्यात आली. निर्णय त्रासदायक होता, पण आकड्यांचा अर्थ प्रोग्रॅमरच्या अंदाजावर सोडण्यापेक्षा तो बरा होता.

आता पडद्यावर जीडॅलइन्फो ही फाइलीची माहिती छापणारी आज्ञा चालताना दिसते आहे. समोर आलेली फाइल कामाला घेण्याआधी अनुभवी माणूस तिचे रंग पाहत नाही, आधी हा मजकूर वाचतो. चित्राचा आकार, संदर्भप्रणालीचे लांबलचक वर्णन, आणि त्याखाली अक्षांच्या जुळणीची एक छोटी ओळ, जिच्या शेवटी २ आणि १ असे दोनच आकडे आहेत. प्रणाली अक्षांश आधी सांगते आणि या फाइलीत रेखांश आधी ठेवला आहे, एवढेच ती ओळ नोंदवते.