डुकराचं हृदय, आणि स्वॅबला न सापडलेला विषाणू

[हातात स्वॅबची काडी]

ही काडी ओळखली ना? कोविडच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात गेली होती. अशाच नाकाच्या तपासणीत एक डुक्कर निगेटिव्ह ठरलं. मग ७ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, त्याचं हृदय डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या रुग्णाला बसवलं. त्या डुकराच्या जनुकांमध्ये १० बदल केलेले होते. असं हृदय माणसाच्या छातीत पहिल्यांदाच धडधडत होतं.

विसाव्या दिवशी बेनेट यांच्या रक्तात डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा डीएनए दिसला. इतका किंचित, की आधी वाटलं चाचणीतच काहीतरी चुकलंय. पण पुढे प्रमाण वाढत गेलं. ८ मार्चला बेनेट गेले. एकट्या विषाणूनेच त्यांचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेआधीच त्यांची तब्येत फार खालावलेली होती, आणि कारणं एकाहून जास्त असावीत. पण संशयितांच्या यादीत हा विषाणू आहेच.

मग काडीला तो सापडला का नाही? तुमच्या घरात कुणाला नागीण झाली असेल तर हे लगेच समजेल. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. तो नसांमध्ये दडून बसतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन उठतो. डुकराचा हा विषाणू त्याच घराण्यातला. मोठ्या डुकरात तो आत खोलवर झोपलेला असतो, नाकात त्याचा मागमूस नसतो. असं हृदय आपण कुठे नेऊन ठेवतो? जिथे शरीराने ते नाकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते. विषाणूला रान मोकळं.

आणि हा विषाणू माणसाच्या पेशींना लागण करतो असं दिसलेलं नाही. त्याला बसवलेलं हृदयच पुरतं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की याची कल्पना आधीपासून होती. २०२० मध्येच जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की बबून माकडांना बसवलेल्या हृदयात हा विषाणू असेल तर ते खूपच कमी दिवस टिकतं. उपायही अवघड नाही. विषाणू मुख्यतः आईकडून पिल्लांना लागतो. म्हणून पिल्लांचं दूध लवकर तोडायचं, त्यांना वेगळं वाढवायचं, आणि नुसत्या नाकावर न थांबता रक्तातली प्रतिपिंडंही तपासायची. झोपलेला विषाणू तिथे खूण सोडून जातो.

आता दुसरा विषाणू. इथे दूध तोडून काही उपयोग नाही, कारण तो डुकराच्या डीएनएतच लिहिलेला आहे, प्रत्येक पेशीत. त्याला पर्व्ह म्हणतात. १९९७ मध्ये प्रयोगशाळेत त्याने माणसाच्या पेशींना लागण केली आणि सगळं क्षेत्र हादरलं. दोन वर्षांनी, डुकराच्या ऊतींचे उपचार झालेल्या १६० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. एकालाही लागण नव्हती. आजवर कुठल्याच रुग्णात ती सापडलेली नाही.

तरी २०१५ मध्ये क्रिस्पर, म्हणजे डीएनए हवा तिथे कापणारी कात्री, वापरून डुकराच्या पेशींमधल्या त्याच्या ६२ प्रती निकामी केल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये तशी पिल्लंही जन्मली. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका रुग्णाला डुकराची जी किडनी बसवली, तिच्या जनुकांमधल्या ६९ बदलांपैकी ५९ फक्त यासाठी होते. एवढी मेहनत गरजेची नाही, असं काही तज्ज्ञ म्हणतात. मला ती योग्य वाटते, कारण इथे धोका फक्त रुग्णाचा नाही. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरांमधून निपाह माणसांत आला आणि शंभरहून जास्त माणसं गेली. डुक्करपालनातल्या त्या डुकरांची अवयवासाठी जपून वाढवलेल्या डुकरांशी तुलना नाही, पण विषाणू वाट कशी शोधतो ते तिथे दिसलं.

म्हणूनच या रुग्णांवर जन्मभर लक्ष ठेवायचं असतं. त्यांनी रक्तदान करायचं नाही. जवळच्या माणसांनाही धोका समजावून सांगायचा असतो. एरवी औषधाच्या चाचणीतून माणूस केव्हाही बाहेर पडू शकतो. इथे ते इतकं सोपं नाही, म्हणून संमतीपत्रावर सही होते तेव्हा घरच्यांनी शेजारी बसून सगळं ऐकावं असं मला मनापासून वाटतं. रुग्णाच्या आणि त्या डुकराच्या रक्ताचे नमुने पुढची कित्येक वर्षं गोठवून ठेवतात. आज ज्याचं नावही माहीत नाही असा विषाणू उद्या सापडला, तर मागे जाऊन त्या नळ्या उघडता येतील.